ढोल वाजवायचे पैसे मिळाले तर?

गणपतीच्या महिना-दीड महिना आधीपासून मुठेच्या काठी संध्याकाळी ढोल-ताशे घुमू लागतात. दिवसभर हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसलेली मुलंमुली ट्रॅफिकमधून वाट काढत पथकाच्या सरावाला येतात. टिपरू धरून हाताला फोड येतात, कंबर धरते, आणि बहुतेकांना याचा एक रुपयाही मिळत नाही. मग का येतात?

मॅनेजमेंटच्या वर्गात अशा प्रश्नावर गरजांचा पिरॅमिड दाखवतात: तळाला अन्न-पाणी, वर सुरक्षितता, मग आपुलकी, मान आणि टोकाला स्वतःतल्या क्षमता फुलवणं. कल्पना मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांच्या १९४३च्या लेखातली. त्या लेखात पिरॅमिडचं चित्र मात्र नाही, ते नंतर इतरांनी काढलं. गरजांचा क्रम अगदी पक्का नसतो, हेही मॅस्लोंनी तिथंच लिहिलं होतं. पण चित्र सोपं, म्हणून तेच लक्षात राहिलं.

मला त्याहून रंजक वाटतो तो मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांचा १९७१चा प्रयोग. त्यांनी विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली. काहींना मध्ये एकदा प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला, मग देणं थांबवलं. पैसे मिळालेले विद्यार्थी त्यानंतर मोकळ्या वेळेत कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावू लागले. दोन वर्षांनी असंच लहान मुलांत दिसलं. ‘चित्र काढलंस तर बक्षीस’ असं आधी सांगितलेल्या मुलांचा चित्रं काढण्यातला रस पुढे घटला. तेच बक्षीस अचानक हाती पडलेल्यांचा घटला नाही. म्हणजे बिघडवते ती अट.

डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे तीन मानसिक गरजा मांडल्या: आपल्या मर्जीनं करणं, ते जमू लागणं आणि आपली माणसं असणं. पथकात या तिन्ही भागतात. सक्ती कोणाची नसते. काल चुकलेला ठोका आज बसतो. सराव संपल्यावर चहाच्या टपरीवर टोळकं जमतं. (शेजारच्या सोसायट्यांच्या मानसिक गरजांचं काय, हा वेगळा लेख होईल.)

म्हणून बक्षीस वाईटच, असं नाही. डेसी, रायन आणि रिचर्ड कोस्टनर यांनी १९९९मध्ये १२८ अभ्यास एकत्र तपासले. आधी कबूल केलेल्या वस्तू-पैशांनी आवड घटत होती, पण मनापासून केलेल्या कौतुकानं वाढत होती, निदान मोठ्यांमध्ये तरी. आणि मुळातच कंटाळवाण्या कामात आवडच नसल्यानं पैशानं ती कमी व्हायचा प्रश्न नव्हता.