मराठवाड्यातील शहरी सार्वजनिक जागा आणि स्त्री चळवळ

चौक, विद्यापीठाचे प्रवेशद्वार, पाण्याचे टाके, दारूच्या दुकानापुढचा रस्ता, कलेक्टर कचेरीचे आवार अशा ठिकाणी मराठवाड्यातल्या शहरांत बायकांनी उभ्या केलेल्या आंदोलनांचा हा विषय. मुंबई-पुण्यात १९७५च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या आसपास स्त्रीमुक्तीचे स्वतंत्र गट उभे राहिले. मराठवाड्यात बायका रस्त्यावर उतरल्या त्या बहुतेक वेळा जातीच्या, पाण्याच्या आणि मजुरीच्या प्रश्नावर. म्हणून हा इतिहास केवळ महिला संघटनांच्या दप्तरात शोधला, तर अर्धाही हाती लागत नाही.

नामांतराचा लढा हे त्याचे ठळक उदाहरण. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले आणि त्याचा नागसेनवन हा परिसर दलित मुलामुलींना हक्काचा झाला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार (विद्यापीठाच्या जुन्या नावाला आंबेडकरांचे नाव जोडणे) होईपर्यंतच्या मोर्च्यांत, सत्याग्रहांत दलित बाया होत्या. त्यांनी तुरुंगही पाहिला. आजही दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर पांढऱ्या साडीतल्या बाया लेकरे कडेवर घेऊन येतात. ‘महिला आंदोलन’ म्हणून याची गणना क्वचितच होते, आणि ती व्हायला हवी.

कोपर्डी (जि. अहिल्यानगर) येथे अल्पवयीन मराठा मुलीवर झालेल्या बलात्कार आणि खुनानंतर ९ ऑगस्ट २०१६ रोजी त्याच शहरात मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा निघाला. मुली आणि बायका सर्वांत पुढे, पुढारी मागे, निवेदन मुलींच्या हातून, असा पायंडा तिथून पडला. अनेकींसाठी भर रस्त्यातून चालण्याचा तो पहिलाच अनुभव होता. मात्र पुढच्या मोर्च्यांत ॲट्रॉसिटी कायद्यात (अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा कायदा) बदलाची मागणीही होती. दलित स्त्रियांना तो कायदा हाच मोठा आधार असल्याने या मोर्च्यांकडे सगळ्या बायकांचा आवाज म्हणून पाहता येत नाही.

पाण्याची जागा याहून जुनी आणि रोजची. नळावर, टँकरपाशी तासन्‌तास थांबणाऱ्या बायकांच्या बोलण्यातूनच हंडा मोर्चा ठरतो आणि रिकामी घागर घेऊन नगरपालिकेवर धडकतो. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याआधी मार्चमध्ये प्रशासनाने पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती. कारण भांडणे टाळण्याचे होते, पण बायका जिथे रोज एकत्र येत, नेमकी तीच जागा जमावबंदीच्या कक्षेत आली.

दारूबंदीच्या लढ्यात दुकानासमोरच्या धरण्याला मतपेटीची जोड मिळाली. राज्याच्या नियमानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, की मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही हे कळते. अडचण मोजणीत आहे. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला लागतात. बीड जिल्ह्यातल्या हजारो बाया दिवाळीनंतर ऊसतोडीला परमुलखात जातात. त्या फडात असताना मतदान झाले, तर त्यांचे न पडलेले मत दुकानाच्याच पारड्यात जाते.