नोकरी गेली? ईएसआयसीचा बेरोजगारी भत्ता मागण्याआधी भरलेले दिवस मोजा

पगारातून ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी, कापतात ती फक्त दवाखान्यासाठी, असंच बहुतेकांना वाटतं. पण नोकरी गेल्यावर याच विम्यातून रोख भत्ताही मिळतो. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 1 जुलै 2018 ला सुरू झाली तेव्हा तो रोजच्या सरासरी कमाईच्या 25 टक्के होता. 24 मार्च 2020 पासून 50 टक्के झाला. सरासरी रोज 600 रुपये पडत असेल तर दिवसाला 300, जास्तीत जास्त 90 दिवसांचे 27,000. आयुष्यात एकदाच. योजनेला ठरावीक मुदतीची वाढ मिळत आली आहे, म्हणून ती सध्या चालू आहे ना, हे आधी शाखा कार्यालयात विचारा.

नोकरी जाण्याआधी किमान 2 वर्षं विमा असलेली नोकरी हवी. खरी मेख पुढे आहे. अंशदानाचं, म्हणजे या वर्गणीचं, वर्ष एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असं दोन तुकड्यांत मोजतात. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या तुकड्यात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी, शिवाय त्या 2 वर्षांतल्या उरलेल्या तिन्हींपैकी एकात 78. कायम कामगार यात सहज बसतो. कंत्राटी कामगार मात्र महिन्यात 24 दिवस राबतो आणि कंत्राटदार 12 च दाखवतो. सहा महिन्यांचे होतात 72, आणि भत्ता हुकतो. काम तेच, घाम तोच. माझ्या मते हजेरीपत्रक पुरावा म्हणून धरलं गेलंच पाहिजे. तोवर दर महिन्याची पगार स्लिप जपा आणि पोर्टलवर आपले दिवस तपासत राहा. फरक दिसला तर नोकरी असतानाच लेखी तक्रार द्या.

गैरवर्तनामुळे काढलेल्यांना, निवृत्त झालेल्यांना किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना हा भत्ता नाही.

नोकरी सुटून 30 दिवस झाले की ईएसआयसीच्या पोर्टलवर विमा क्रमांकाने लॉगिन करून दावा भरा. मालकाच्या मार्फत जावं लागत नाही. आधार आणि बँक खात्याचा तपशील, दोन्हींच्या स्कॅन प्रती जोडा. प्रती अपलोड झाल्या नाहीत तर दाव्याची छापील प्रत सही करून कागदपत्रांसह शाखा कार्यालयात द्या. नावाचं स्पेलिंग आधार, पासबुक आणि विमा नोंदीत एकच आहे ना, ते नीट पाहा. पैसे थेट खात्यात येतात.

कारखानाच बंद पडला किंवा कपातीत नोकरी गेली असेल तर ईएसआयसीच्याच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचीही चौकशी करा. तिथे भत्ता 24 महिन्यांपर्यंत मिळू शकतो.