काचकांड्यांचे अम्लधावन

लॅम्पवर्क पद्धतीने, म्हणजे बर्नरच्या ज्योतीत काच वितळवून, मणी घडवण्यापूर्वी काचेच्या कांड्यांवरील पांढुरका थर व लवणांची पुटे सौम्य अम्लाने काढून टाकण्याची क्रिया. यासाठी सुमारे 5 टक्के ॲसिटिक अम्ल असलेले व्हिनेगर किंवा सायट्रिक अम्लाचा (लिंबूसत्त्वाचा) पातळ विद्राव वापरतात. काही कारागीर सोडियम बायसल्फेटाचा विद्रावही वापरतात. धूळ आणि बोटांचे तेलकट ठसे यांच्यासाठी अम्ल लागत नाही. ते काम साबणाचे पाणी किंवा आयसोप्रोपिल अल्कोहॉल करते.

मणीकामात कांडीच्या स्वच्छतेला महत्त्व येते ते घडणीच्या रीतीमुळे. साधारण 5 ते 6 मिमी. जाडीच्या कांडीचे वितळलेले टोक पोलादी सळईवर गुंडाळत मणी वाढवला जातो. त्यामुळे कांडीचा पृष्ठभाग मण्याच्या बाहेर न राहता थराथराने आत गाडला जातो. तो मळलेला असेल, तर मळ जळून वायू सुटतो आणि गुंडाळीच्या सांध्यावर बारीक बुडबुड्यांची रांग किंवा करडी रेघ उमटते. रंगीत गाभ्यावर पारदर्शक काचेचे आवरण चढवताना हा दोष विशेष नजरेत भरतो. मणी एकदा झाला की हा दोष काढता येत नाही.

पांढुरक्या थराचे कारण पाण्याच्या काचेवरील क्रियेत आहे. काच पाण्यात अजिबात विरघळत नाही ही समजूत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझ्ये यांनी खोडून काढली. बंद काचपात्रात 101 दिवस पाणी तापवत ठेवल्यावर पाण्यात मातकट अवशेष आढळला आणि पात्राचे वजन जवळपास तेवढेच घटले होते. अवशेष पाण्याची ‘माती’ होऊन बनलेला नसून पात्राच्या काचेतून आला आहे, हा निष्कर्ष त्यांनी 1770 मध्ये मांडला. आजच्या समजुतीप्रमाणे सोडा-चुना काचेच्या (वाळू, सोडा व चुना यांपासून बनवलेल्या नेहमीच्या काचेच्या) पृष्ठावरील सोडियम आयन दमट हवेतील पाण्यात उतरतात आणि त्यांची जागा हायड्रोजन आयन घेतात. बाहेर आलेला सोडियम हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडाशी संयोग पावून कार्बोनेटे बनतात. वाहत्या पाण्याखाली ती धुतली जातात. परंतु एकमेकींना चिकटून गठ्ठ्यात ठेवलेल्या कांड्यांच्या फटींत दवाचा पातळ पडदा तसाच राहतो व त्याची क्षारीयता वाढत जाते. पीएच 9 च्या वर गेला की काचेचा सांगाडा असलेले सिलिकेचे जाळेच तुटू लागते. म्हणून गठ्ठ्याच्या आतल्या कांड्या बाहेरच्यांपेक्षा अधिक धुरकट आढळतात. यात कठीण पाण्याने धुतल्याचे कॅल्शियम कार्बोनेटाचे डागही मिसळतात. दोन्ही प्रकारची कार्बोनेटे सौम्य अम्लात फसफसून विरघळतात. सिलिकेच्या जाळ्याला मात्र ही अम्ले धक्का लावत नाहीत. ते काम हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल करते. ते अत्यंत घातक असून कांड्या धुण्याशी त्याचा काही संबंध नाही.

प्रथेच्या उगमाविषयी दोन तर्क केले जातात. डाख दिल्यानंतर दागिन्यावरील ऑक्साइडे काढण्यासाठी सोनार तो अम्लविद्रावात बुडवतात. तेथून ही रीत मणीकारांकडे आली असावी, असा एक तर्क आहे. सोडियम बायसल्फेट दोन्हीकडे वापरात असणे त्याला पोषक आहे. दुसरा तर्क प्रयोगशाळांच्या काचकामाकडे बोट दाखवतो. तेथे उपकरणे अम्लाने धुण्याची परंपरा जुनी असून डायक्रोमेट व सल्फ्यूरिक अम्ल यांचे मिश्रण दीर्घकाळ वापरात होते. पुढे क्रोमियमच्या विषारीपणामुळे ते मागे पडले. बर्नर, कांडी आणि हातांची तालीम ही सारी मणीकाम व प्रयोगशाळेचे काचकाम यांत समान असल्याने हा तर्क अधिक पटतो. स्टुडिओत काम करणाऱ्या मणीकारांत ही रीत रूढ झाली ती बहुधा 20 व्या शतकाच्या अखेरच्या दशकांत.

उपयुक्ततेबद्दलही मतभेद आहेत. मण्यावर येणारी करडी साय ज्योतीत ऑक्सिजन कमी पडल्याने किंवा काच जादा तापल्याने येते, धुण्याचा तेथे उपयोग नाही, असे काही कारागीर मानतात. काही रंगांपुरते ते खरे आहे. परंतु साय काचेच्या स्फटिकीभवनानेही येते; सोडा-चुना काचेत ते पृष्ठभागापासून सुरू होते आणि पृष्ठावरील परके कण त्याला बीज पुरवतात. त्यामुळे जुन्या, धुरकट कांड्या धुण्यात अर्थ आहे. नव्या, चकचकीत कांड्यांना अम्लाची गरज नसते. शंका असल्यास एकाच कांडीचा अर्धा भाग धुऊन दोन्ही भागांचे मणी शेजारी शेजारी करावेत. या साध्या परीक्षेइतका खात्रीचा निर्णय दुसरा नाही.

कृती सोपी आहे. तेलकटपणामुळे अम्ल पृष्ठाला भिडत नाही, म्हणून आधी साबणाने धुवावे. मग काही मिनिटे विद्रावात ठेवून मऊ घासणीने चोळावे, भरपूर पाण्याने खळबळावे व शेवटचे धुणे ऊर्ध्वपातित पाण्याने करावे, अन्यथा चुन्याचे डाग पुन्हा पडतात. तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसून कांडी पूर्ण वाळवणे आवश्यक असते. चिरेत पाणी राहिले तर ज्योतीत त्याची वाफ होऊन कांडी तडकते व तुकडे उडतात. हातमोजे व चष्मा वापरावा. अम्लाचा ब्लीचशी संपर्क कधीही येऊ देऊ नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

शिसे असलेल्या काचेवर अम्लाचा परिणाम अधिक होतो, तिच्यातून शिसे पाण्यात उतरते. अशा कांड्या अल्कोहॉलने पुसणे बरे. धातूचा पातळ लेप असलेल्या कांड्याही अम्लात बुडवू नयेत.

तयार मण्यांचे अम्लधावन ही वेगळी क्रिया होय. तांबेयुक्त फिरोजी व हिरव्या काचेवर ज्योतीत येणारी करडी धातूसारखी झाक काढण्यासाठी अनुशीतन झालेले (भट्टीत सावकाश थंड केलेले) मणी अम्लात भिजवतात. बोरोसिलिकेट (बोरॉनयुक्त, उष्णता सोसणाऱ्या) काचेच्या कांड्यांचा पृष्ठभाग हवेत फारसा झिजत नाही. त्यांना सहसा अल्कोहॉलचा बोळा पुरतो.