स्लॅपस्टिक, मूकपटातील

पडणे, घसरणे, आदळणे, मार खाणे, पाठलाग आणि वस्तूंची मोडतोड यांतून हशा पिकवणारा विनोदप्रकार. स्थूलमानाने १९१२ ते १९२८ या काळात अमेरिकन मूकपटांत तो बहरला. मराठी लेखनात त्याला कधीकधी ‘अंगविक्षेपी विनोद’ म्हटले जाते. हा शब्द थोडा फसवा आहे, कारण या प्रकारातले पहिल्या प्रतीचे नट अंगविक्षेप फार थोडे करतात. बस्टर कीटनचा तर चेहराही हलत नाही.

‘स्लॅपस्टिक’ हे मुळात एका साधनाचे नाव. दोन पातळ फळ्या मुठीपाशी जोडायच्या आणि पुढे त्यांच्यात थोडी फट ठेवायची. फटका बसला की फळ्या एकमेकींवर आपटतात. आवाज मोठा होतो, मार मात्र हलका बसतो. इटलीतील सोळाव्या शतकापासूनच्या कोमेदिया देल्लार्ते या नाट्यप्रकारात आर्लेकिनो या पात्राच्या हाती अशी फळी असे. इंग्रजीत हा शब्द साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळलेला दिसतो आणि लवकरच तो साधनावरून विनोदाला लागला. आवाजासाठी घडवलेल्या वस्तूचे नाव मूक विनोदाला चिकटले, हा योगायोग गमतीचा आहे.

उगमाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक कोमेदियापासून पडद्यापर्यंत सरळ वंशावळ काढतात. संस्कृत नाटकातील विदूषकाच्या वाकड्या काठीशीही, म्हणजे कुटिलकाशी, या फळीचे नाते जोडण्याचा मोह होतो. पण साम्य म्हणजे वारसा नव्हे. सर्कस, इंग्लंडमधील म्यूझिक हॉल आणि अमेरिकेतील व्हॉदव्हिल या विविधरंगी करमणुकीच्या रंगमंचांतून हा प्रकार पडद्यावर आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण माणसेच तेथून आली. चार्ली चॅप्लिन फ्रेड कार्नोच्या मंडळीतून आला. कीटन लहानपणापासून आईवडिलांबरोबर रंगमंचावर फेकला-झेलला जात होता. पडद्यावरचा पहिला क्रमांक बहुधा ल्यूमिएर बंधूंच्या १८९५ मधील माळ्याच्या लघुपटाला द्यावा लागेल : मुलगा पाण्याच्या नळीवर पाय ठेवतो, माळी नळीच्या तोंडात डोकावतो, मुलगा पाय उचलतो. अमेरिकेआधी फ्रान्समध्ये पाथे कंपनीच्या आंद्रे देद व मॅक्स लिंडर यांनी हा विनोद घडवला. लिंडरचे ऋण चॅप्लिनने मान्य केले होते. नंतरच्या इतिहासांत ते बरेचसे बुजले. १९१२ मध्ये मॅक सेनेटने लॉस एंजेलिसमध्ये कीस्टोन कंपनी काढली. तेथील धांदरट पोलीस सर्वपरिचित आहेत.

पाय (इंग्रजी ‘pie’, म्हणजे पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) तोंडावर फेकण्याची सुरुवात कोणी केली, हा वाद मात्र मिटत नाही. हे श्रेय बरेचदा कीस्टोनची नटी मेबल नॉर्मंड हिला दिले जाते (१९१३), पण १९०९ च्या एका लघुपटात विनोदी नट बेन टर्पिनच्या तोंडावर पाय बसतो. फेकायचा पाय खाण्याच्या पायपेक्षा वेगळा. कीटनने दिलेल्या कृतीनुसार खालची पारी दुहेरी आणि कडक भाजायची, म्हणजे हातात ती मोडत नाही. तिच्यावर पीठ-पाण्याच्या चिकट खळीचा सुमारे इंचभर थर द्यायचा. मार खाणारा गोरा व भुऱ्या केसांचा असेल तर वर ब्लॅकबेरी, काळ्या केसांचा असेल तर फिकट लिंबाचे सारण, आणि सर्वांत वर फेटलेली साय. फेकण्यापूर्वी पत्र्याची थाळी काढून घ्यायची. सारणाची ही निवड कृष्णधवल फिल्मसाठी होती : चेहरा आणि सारण एकाच छटेचे आले, तर पाय बसला की नाही हेच कळत नाही.

गती हा या विषयातील सर्वांत गैरसमजाचा भाग आहे. मूकपट ‘पळतात’ ते चुकीच्या यंत्रामुळे, असे सामान्यतः सांगितले जाते. ते अर्धे खरे आहे. कॅमेरा हाताने फिरवत. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ चौकटी, हे नाममात्र प्रमाण. ध्वनिपटांसाठी पुढे २४ ठरल्या. ३५ मिमी. फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात, म्हणून हजार फुटांचे रीळ १६ च्या गतीने सुमारे १६ मिनिटे ४० सेकंद चालते आणि २४ च्या गतीने ११ मिनिटे ७ सेकंदांत संपते. प्रत्यक्षात १६ ही गती फारशी पाळली जात नसे. मूकपटांचे इतिहासकार केव्हिन ब्राउनलो यांनी १९८० मध्ये दाखवून दिले, की चित्रीकरणाची आणि प्रक्षेपणाची गती चित्रपटागणिक, कधी दृश्यागणिक बदलत असे आणि विसाच्या दशकात दोन्ही वाढत गेल्या. विनोदपटांत तर मुद्दाम सावकाश हँडल फिरवून हालचाली वेगवान केल्या जात. म्हणून आज एखादा विनोदपट ‘नैसर्गिक’ गतीला आणण्याचा हट्ट धरला, तर विनोदच मरतो.

याचे गणित सोपे आहे. दोन मीटर उंचीवरून पडायला सुमारे ०·६४ सेकंद लागतात. सेकंदाला १२ चौकटींनी टिपल्यास हे पडणे जेमतेम आठ चौकटींत येते. ते १६ च्या गतीने दाखवले तर पडणारा पावणेदोनपट गुरुत्वाकर्षणाच्या जगात असल्यासारखा दिसतो. २४ ने दाखवले तर चौपट. पहिल्या वेळी माणूस जोरात आदळल्यासारखा वाटतो. दुसऱ्या वेळी तो बाहुली होतो, त्याला वजन उरत नाही आणि लागल्याची काळजीही वाटत नाही. चोरी पकडून देतात त्या आजूबाजूच्या गोष्टी : धूर, पाणी, झेंडे, लांबचे पादचारी. शिवाय हँडल सावकाश फिरले की प्रत्येक चौकटीवर प्रकाश जास्त वेळ पडतो. गती निम्मी केली तर भिंगाचे छिद्र एक पायरी लहान करावे लागते. ते विसरले की दृश्य पांढरे पडते.

धाडसांपैकी दोन जवळून पाहण्यासारखी आहेत. ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’ (१९२८) मध्ये वादळात घराची दर्शनी भिंत कीटनवर कोसळते आणि तो पोटमाळ्याच्या उघड्या खिडकीतून सुखरूप उरतो. कीटनच्या सांगण्यानुसार दोन्ही खांद्यांशी, डोक्याशी व टाचांशी प्रत्येकी दोन इंच मोकळीक ठेवली होती. भिंत आडवी असतानाच खिडकी मापून घेतली, टाचांच्या जागी जमिनीत मोठे खिळे ठोकले आणि मग भिंत उभी केली. भिंतीचे वजन निरनिराळे सांगितले जाते. दोन टनांच्या आसपासचा आकडा वारंवार येतो. ती जड असणे गरजेचेच होते, कारण हलकी भिंत वाऱ्याने पिळवटते आणि ठरल्या जागी पडत नाही. लिबर्टी या विमानाच्या इंजिनांवर चालणारे सहा प्रचंड पंखे लावले होते. त्यांचा झोत पुढे-मागे दिसावा, पण भिंतीवर येऊ नये, अशी मांडणी करावी लागली. चित्रीकरण एकदाच.

खिडकी पोटमाळ्याचीच का, याला भूमिती कारण आहे. पायथ्याशी धरलेली भिंत कमानीत खाली येते. ती डोक्याला आधी भिडते, टाचेपर्यंत नंतर पोहोचते. उदाहरणादाखल, १६५ सेंमी. उंचीचा आणि ३० सेंमी. जाडीचा माणूस भिंतीपासून दोन मीटरवर उभा असेल, तर उघडी जागा किमान ८३ सेंमी. लांब हवी, चार मीटरवर असेल तर ६१ सेंमी. पुरते. म्हणजे तळमजल्याच्या दारापेक्षा उंचावरची खिडकी लहान ठेवता येते, आणि खिडकी जितकी लहान तितका प्रेक्षकाचा श्वास अडकतो. हीच कल्पना विनोदी नट रॉस्को आर्बकलच्या १९१९ मधील एका लघुपटात आणि कीटनच्या १९२० मधील पहिल्या स्वतंत्र लघुपटांपैकी एकात हलक्या भिंतींनी वापरलेली आहे.

‘सेफ्टी लास्ट!’ (१९२३) मध्ये हॅरल्ड लॉइड इमारतीवर चढतो आणि घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो. येथे कौशल्य उंचीच्या भासात आहे. इमारतीच्या भिंतीचे तुकडे लॉस एंजेलिसमधील खऱ्या इमारतींच्या गच्च्यांवर, कडेजवळ बांधले होते. कॅमेरा उंच मचाणावरून असा लावला, की गच्ची चौकटीबाहेर राहावी आणि खालचा रस्ता दिसावा. कथेत लॉइड वर जाई, तसा सेट अधिक उंच इमारतीवर हलवला जाई. खाली गाद्या घातलेले फलाट होते. लॉइडच्या म्हणण्याप्रमाणे चाचणीसाठी टाकलेला पुतळा त्यावरून उसळून रस्त्यावर गेला. लांबच्या काही दृश्यांत बिल स्ट्रॉदर हा भिंती चढणारा कसरतपटू आहे, आणि काहींत बदली नट होते, हे लॉइडच्या मृत्यूनंतर (१९७१) पुढे आले. यावरून ‘सगळे खोटेच’ असा निष्कर्ष काढणे अतिरेकी ठरेल. १९१९ मध्ये नकली समजलेला बॉम्ब हातात फुटून लॉइडचा उजवा अंगठा व तर्जनी गेली होती. घड्याळाला लोंबकळणाऱ्या हातावर ते झाकणारा मोजा आहे.

इजा अटळ होत्या. १९२४ मध्ये रेल्वेच्या टाकीतून सुटलेल्या पाण्याने कीटन रुळावर आपटला. मानेचे हाड मोडल्याचे वर्षांनंतर क्ष-किरण तपासणीत कळले. पडण्याचे तंत्र त्याच्या मते साधे : अंग सैल सोडायचे आणि हाताने किंवा पायाने आघात आधी झेलायचा. ताठ शरीरात धक्का एकाच सांध्यावर जातो. चित्रीकरणाचा नियमही यातूनच आला, की पूर्ण देह एकाच सलग दृश्यात दिसला पाहिजे. मध्ये काप आला की प्रेक्षकाला फसवणुकीचा वास येतो. साठ वर्षांनी जॅकी चॅनने घड्याळाच्या मनोऱ्यावरून उडी घेतली (१९८३) ती याच शिस्तीने.

भारतात दादासाहेब फाळके यांनी ‘मोहिनी भस्मासूर’बरोबर ‘पिठाचे पंजे’ ही विनोदी पुरवणी दाखवली (१९१४). विनोदापेक्षा येथे साहस अधिक रुजले. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून आलेला मास्टर विठ्ठल तलवारबाजी आणि उड्यांसाठी गाजला आणि त्याला अमेरिकन साहसपटांचा नायक डग्लस फेअरबँक्स याच्यावरून भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हटले गेले. पुढे पहिल्या बोलपटाचा, ‘आलम आरा’चा (१९३१), नायकही तोच झाला. जी. पी. पवार यांचा ‘दिलेर जिगर’ (१९३१) हा शिल्लक उरलेल्या मोजक्या साहसी मूकपटांपैकी एक. अमेरिकेतही गळती मोठी आहे : २०१३ च्या काँग्रेस ग्रंथालयाच्या पाहणीनुसार तेथील सुमारे १०,९०० दीर्घ मूकपटांपैकी मूळ स्वरूपात, ३५ मिमी. वर, केवळ १४ टक्के टिकले आहेत. लॉरेल आणि हार्डी यांच्या १९२७ मधील पाययुद्धाचे दुसरे रीळ २०१५ मध्ये एका खाजगी संग्रहात सापडले.