अँटिसायकोटिक औषधे घेणारी मुले आणि मेटफॉर्मिन: पार्श्वभूमी

अँटिसायकोटिक, म्हणजे भ्रम-भास यांसारख्या मनोविकारांवरील, औषधे घेणाऱ्या मुलांमध्ये ‘मधुमेहाची औषधे’, विशेषतः रक्तशर्करा कमी करणारे मेटफॉर्मिन, वाढताना दिसले की त्यावरून मधुमेहाची साथ आल्याचा निष्कर्ष काढला जातो; त्याची ही पार्श्वभूमी. या गटातील पहिले औषध, क्लोरप्रोमाझीन, १९५२ मध्ये वापरात आले आणि पुढच्या काही वर्षांतच ते घेणाऱ्यांची रक्तशर्करा वाढल्याच्या नोंदी होऊ लागल्या. परंतु त्या काळी हातापायांची थरथर आणि स्नायूंचा ताठरपणा हेच दुष्परिणाम ठळकपणे डोळ्यांपुढे होते, त्यामुळे साखरेकडे फारसे लक्ष गेले नाही.

नव्या पिढीच्या अँटिसायकोटिकांपैकी अमेरिकेत १९८९ मध्ये क्लोझापिन, १९९३ मध्ये रिस्पेरिडोन आणि १९९६ मध्ये ओलान्झापिन मंजूर झाले. थरथर कमी झाली, पण भूक आणि वजन वाढू लागले. २००३ मध्ये तेथील औषधनियंत्रकांनी या पिढीतील सर्वच औषधांना मधुमेहाचा सरसकट इशारा जोडला; पुढच्याच वर्षी तज्ज्ञांच्या संयुक्त निवेदनाने मात्र क्लोझापिन व ओलान्झापिन यांचा धोका सर्वाधिक असल्याचे वेगळे नमूद केले.

मुलांचा प्रश्न नंतर पुढे आला. स्वमग्न मुलांच्या चिडचिडेपणासाठी रिस्पेरिडोनला २००६ मध्ये परवानगी मिळाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ही औषधे प्रथमच घेणाऱ्या ४ ते १९ वयोगटातील मुलांचे वजन सुमारे ११ आठवड्यांत ओलान्झापिनवर सरासरी ८.५ किलो, तर अॅरिपिप्राझोलवर ४.४ किलो वाढलेले दिसले. आपल्याकडच्या हिशेबाने, जूनमध्ये शिवलेला गणवेश गणपतीपर्यंत कमरेला बसेनासा व्हावा, इतका हा वेग आहे. २०१३ मध्ये टेनेसीतील ६ ते २४ वर्षांच्या रुग्णांच्या नोंदींवरून टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे तिप्पट असल्याचे मांडले गेले. मूळ प्रमाण कमी असल्याने ‘तिप्पट’ म्हणजे घरोघरी मधुमेह नव्हे, हे मथळ्यांत सहसा येत नाही.

खरा गुंता आहे तो ‘मधुमेहाची औषधे’ या शब्दप्रयोगात. मोठ्या नोंदवह्यांवर आधारलेल्या संशोधनात मधुमेह ओळखण्यासाठी निदानाबरोबर औषधांच्या चिठ्ठ्याही मोजल्या जातात. अमेरिकेत २००० पासून दहा वर्षांवरील मधुमेही मुलांसाठी मंजूर असलेले मेटफॉर्मिन अँटिसायकोटिकमुळे वाढणारे वजन रोखण्यासाठी, मंजुरीच्या चौकटीबाहेर, दिले जाते आणि पीसीओएस (बीजांडकोशांशी निगडित संप्रेरकांचा विकार) असलेल्या मुलींनाही लिहून दिले जाते. चिठ्ठीवर ‘रात्री रिस्पेरिडोन, जेवणानंतर मेटफॉर्मिन ५००’ एवढेच असेल, तर त्या मुलाला मधुमेह आहे, की साखर सीमारेषेवर आहे, की केवळ वजन वाढले आहे, हे त्या कागदावरून कळत नाही. उलट आहारावरच साखर आटोक्यात असलेला, किंवा ज्याची तपासणीच झाली नाही असा मुलगा या मोजणीतून निसटतो. म्हणूनच मेटफॉर्मिनचा वाढता खप हा मधुमेहाच्या साथीचा पुरावा म्हणून मांडणे घाईचे आहे. त्यातील काही वाटा डॉक्टरांच्या सावधगिरीचाही असू शकतो. मधुमेह आणि स्थूलता या दोन्हींवर दिले जाणारे सेमाग्लुटाइड हे औषध किमान मधुमेहासाठी ओझेम्पिक आणि स्थूलतेसाठी वेगोव्ही अशा वेगवेगळ्या नावांनी विकले जाते. मेटफॉर्मिनच्या बाबतीत ती सोय नाही.

२०१६ मध्ये स्वमग्न मुलांवरील १६ आठवड्यांच्या चाचणीत मेटफॉर्मिनने वजनवाढीला आळा बसल्याचे दिसले. २०२४ अखेरच्या एका मार्गदर्शिकेने त्यापुढे जाऊन, जास्त धोक्याच्या अँटिसायकोटिकबरोबर पहिल्याच दिवसापासून मेटफॉर्मिन सुरू करावे, आणि रुग्ण १० ते २५ वर्षांचा असेल तर रिस्पेरिडोनसारख्या मध्यम धोक्याच्या औषधाबरोबरही तसेच करावे, अशी शिफारस केली आहे. ती रुळली, तर या वयोगटात मेटफॉर्मिनच्या चिठ्ठीवरून मधुमेह मोजण्याची पद्धत बदलावी लागेल.