संगणक सुरू होत नाही, तेव्हा तो नेमका कुठे अडतो?

डेस्कटॉप संगणकाचे बटण दाबूनही काहीच घडले नाही, की बहुतेकांचा पहिला संशय मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर, जातो आणि कॅबिनेट उचलून थेट दुरुस्तीच्या दुकानात नेले जाते. वास्तविक बटण दाबणे आणि पडद्यावर अक्षरे उमटणे यांच्या दरम्यान काही विद्युत घटना ठरावीक क्रमाने घडत असतात. हा क्रम कोणत्या टप्प्यावर तुटला ते ओळखता आले, तर दोष कोणत्या भागात आहे याचा बराचसा उलगडा घरीच होतो.

जुन्या संगणकांचे बटण घरातल्या दिव्याच्या बटणासारखे थेट २३० व्होल्टचा प्रवाह जोडत किंवा तोडत असे. इंटेलने १९९५ साली आणलेल्या एटीएक्स रचनेने ही पद्धत मोडीत काढली. आताचे बटण मदरबोर्डवरील दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडते, एवढेच त्याचे काम. त्याची दखल घेऊन मदरबोर्ड एसएमपीएसकडे (घरातल्या विजेपासून संगणकाला लागणारे कमी व्होल्टेज तयार करणाऱ्या पेटीकडे) जाणाऱ्या हिरव्या वायरीवरील व्होल्टेज शून्याजवळ आणतो, ती खूण मिळताच एसएमपीएस ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू करतो आणि ते स्थिरावल्यावर, साधारणपणे ०.१ ते ०.५ सेकंदाने, राखाडी वायरीवर ‘सर्व ठीक’ असा संकेत पाठवतो. तो संकेत मिळेपर्यंत प्रोसेसरला मुद्दाम रोखून धरलेले असते.

आता प्रश्न असा, की बंद संगणकाला बटण दाबल्याचे कळते कसे? त्यासाठी जांभळ्या वायरीतून ५ व्होल्टचा एक लहान पुरवठा अखंड चालू ठेवलेला असतो, ज्याला स्टँडबाय म्हणतात. कित्येक मदरबोर्डांवर संगणक बंद असतानाही एक बारीक दिवा जळताना दिसतो, तो याच पुरवठ्यावर. दिवा असूनही तो विझलेला असेल, तर आधी कॉर्ड, भिंतीवरील सॉकेट आणि यूपीएस तपासावेत. एसएमपीएसच्या पाठीमागचा छोटा स्विचही पाहावा, कारण झाडझूड करताना तो नकळत बंद होतो. हे सारे ठीक असेल, तर जांभळ्या वायरीवर व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर लावावा. वाचन ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान यायला हवे.

ते कमी भरले, तर संशय कपॅसिटरवर, म्हणजे विद्युतभार साठवून पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या भागावर, घ्यावा. स्टँडबायचे मंडल रात्रंदिवस चालते, त्यामुळे त्यातील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधला द्रव उष्णतेने हळूहळू सुकत जातो आणि पुरवठा डळमळू लागतो. २००० नंतरच्या काही वर्षांत तर सदोष द्रव भरलेले कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत गेले होते. त्यांच्यात वायू साठून माथे फुगत आणि तपकिरी द्रव बाहेर झिरपत असे. कपॅसिटरच्या माथ्यावर जी फुलीसारखी खाच असते, ती अशा वेळी तो स्फोट न होता तिथेच फाटावा यासाठी. मदरबोर्डवर एखादा माथा सपाट नसून घुमटासारखा दिसला, तर पुढच्या चाचण्यांची फारशी गरज उरत नाही.

जांभळी वायर ठीक असेल, तर कॅबिनेटच्या बटणाची वायर मदरबोर्डवरून काढून त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडून पाहाव्यात. संगणक सुरू झाला, तर दोष केवळ बटणाचा. नाहीच झाला, तर मुख्य कॉर्ड काढून एसएमपीएस सर्व भागांपासून सोडवावा, २४ पिनांच्या कनेक्टरमधील हिरवी आणि शेजारची काळी वायर पेपरक्लिपने जोडावी आणि मगच वीज द्यावी. पंखा फिरला, तर एसएमपीएस निदान आज्ञा पाळतो एवढे कळते. भार पडल्यावर तो टिकेल याची मात्र ही चाचणी हमी देत नाही. एसएमपीएसची पेटी स्वतः उघडण्याचा मोह टाळावा, कारण कॉर्ड काढल्यावरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा अधिक दाब काही काळ टिकून राहू शकतो.

पंखा एकदा हलून लगेच थांबत असेल, तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएसने स्वतःला वाचवण्यासाठी पुरवठा तोडला आहे, असे समजावे. मदरबोर्डखाली चुकीच्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ (मदरबोर्ड कॅबिनेटपासून उचलून धरणारा छोटा खुंट) किंवा पिना वाकलेला यूएसबी पोर्ट हे नेहमीचे अपराधी. एकेक भाग सोडवत पुन्हा प्रयत्न करावा. मात्र दर खेपेस कॉर्ड काढून थोडे थांबावे, कारण काही एसएमपीएसमधील संरक्षक मंडल त्याशिवाय पूर्ववत होत नाही.

पंखे फिरतात, पण डिस्प्ले नाही, ही तक्रार ग्राहक ‘संगणक चालूच होत नाही’ अशाच शब्दांत सांगतात, मात्र तिचे निदान वेगळे असते. प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची १२ व्होल्टची जोडणी राहून गेली असेल, तर नेमके असेच घडते. त्यानंतर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबराने पुसाव्यात आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या नीट अडकेपर्यंत ती पुन्हा बसवावी. तरीही पडदा काळाच राहिला, तर सगळी रॅम काढून संगणक सुरू करावा: मदरबोर्डला स्पीकर जोडलेला असून तो बीप करू लागला, तर प्रोसेसर आणि बायॉस (संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रॅम) काम करत आहेत आणि शोध रॅम किंवा तिच्या खाचेपुरता उरतो.