सैन्यभरती : ‘ऐच्छिक’ या शब्दाची पार्श्वभूमी

आपली सैन्यभरती ‘ऐच्छिक’ आहे असं म्हणतात. भारतीयांवर सैन्यात जाण्याची सक्ती कायद्याने कधी झाली नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, इंग्रज सरकारने सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा केला, पण ती सक्ती इथल्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर होती. भारतीयांनी मर्जीने यायचं होतं. त्याच युद्धात पंजाबात मात्र कुठल्या भागातून किती माणसं यायला हवीत याचे आकडे ठरत होते.

खानदेशापुरतं बोलायचं तर सुरुवात १८२५ पासून. सातपुड्यातले भिल्ल आवरेनात, तेव्हा एका तरुण इंग्रज लेफ्टनंटने त्यांच्यातूनच पलटण उभी केली. ठाणं धरणगावला. भरती स्वखुशीची. एका हातात माफी आणि पगार, दुसऱ्या हातात डोंगरावर चढून आलेली फौज. त्याला स्वखुशी म्हणायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

स्वातंत्र्यानंतर सक्तीचं दार बंद झालं असं अनेकजण समजतात. ते नुसतं लोटलेलं आहे. घटनेचं कलम २३ वेठबिगारीला बंदी घालतं आणि लगेच पुढच्या पोटकलमात सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादायची मुभा शासनाला देतं. अट एवढीच की धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव नको. या यादीत लिंग नाही. म्हणजे फक्त मुलग्यांना बोलावलं तरी हे पोटकलम आड येत नाही. सैन्यासाठी ते कधी वापरलं गेलं नाही. सक्तीचा थोडा अनुभव आला तो कॉलेजात : चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये छात्रसेना (एनसीसी) सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक.

बाहेर अमेरिकेने १९७३ मध्ये सक्ती थांबवली. स्वीडनने २०१० मध्ये थांबवून २०१७ मध्ये परत आणली.

आपल्याकडचा खरा गुंता जून २०२२ चा. अग्निपथ योजनेत साडेसतरा ते एकवीस वयाच्या मुलांना चार वर्षांसाठी घ्यायचं ठरलं. कोविडमुळे दोन वर्षं भरती झाली नव्हती म्हणून त्या वर्षापुरती मर्यादा तेवीस केली. पण ज्यांची मैदानी आणि वैद्यकीय चाचणी होऊन फक्त लेखी परीक्षा राहिली होती, त्यांची जुनी भरती रद्दच झाली. ती पोरं पहाटे रस्त्याच्या कडेने सोळाशे मीटर धावत होती ती पंधरा वर्षांच्या नोकरीसाठी आणि त्यानंतरच्या पेन्शनसाठी.

आपल्याकडे अहिराणीत म्हणतात, ‘पोऱ्या मिल्ट्रीमा लागना’. या ‘लागना’त कायमची नोकरी, घराचा स्लॅब आणि बऱ्याचदा लग्नही आलं. अग्निवीर, म्हणजे अग्निपथ योजनेतून गेलेला जवान, या अर्थाने लागत नाही. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के जणांना ठेवायचं, बाकीच्यांनी सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी, म्हणजे एकरकमी पैसे, घेऊन घरी यायचं. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. आणि मधेच स्वतःहून सोडता येत नाही, अगदी अपवाद सोडला तर.

म्हणून ‘ऐच्छिक’ हा शब्द आत जाण्यापुरता खरा आहे. किती दिवस राहायचं हे जवानाच्या हातात नाही. दक्षिण कोरियात सक्तीने गेलेला मुलगा दीड वर्षाच्या मुदतीतले दिवस मोजतो, कारण सुटायचं असतं. आपला मुलगाही दिवस मोजतो, कारण सुटायचं नसतं. सक्तीच्या आणि ऐच्छिक भरतीची तुलना करणारे बहुतेक लेख ही उलटापालट सोडून शिस्त आणि देशप्रेमावर घसरतात.

पहिल्या अग्निवीरांचं प्रशिक्षण २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला सुरू झालं. प्रशिक्षणही चार वर्षांतच धरलेलं असल्याने त्यांची मुदत २०२६ च्या अखेरीपासून भरू लागते.